ज्वारीच्या डब्यातलं दही

दाजी, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या घरात सगळं हललं. कॉट बाहेर गेली, कपाट भिंतीला सरकलं, पाण्याचा माठ अंगणात आला. फक्त तुमचं दही तेवढं जागचं हललं नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. माणसं किती आली, कोण किती रडलं, हे सगळं तुम्ही नंतर विचारलं असतंत, तेही हात पुसत पुसत.

तुमचं वय, कारखान्यातली नोकरी, मागे कोण कोण आहे, हे सगळं चौकातल्या फ्लेक्सवर छापून आलंय. मी ते पुन्हा लिहीत बसत नाही. फोटो मात्र कुठून काढला कुणास ठाऊक, तुमच्या कपाळाला चांगली ठळक आठी आहे. आक्का तो बघून एवढ्या दुःखातही म्हणाली, "दूध नासलं की असंच तोंड करायचे बघ." आणि आम्ही दोघी बहिणी भर चौकात तोंडाला पदर लावून हसलो. लोकांना वाटलं, रडतोय. दोन्ही खरंच होतं.

मी करकंबहून कॉलेजसाठी सोलापुरात तुमच्याकडे राहायला आले, तेव्हा तुमचं लग्न नवंच होतं. पहिले काही दिवस मला घास गिळवायचा नाही. आईची आठवण यायची आणि आक्कासमोर रडायची लाज वाटायची. एके सकाळी तुम्ही माझ्यापुढे मातीचं गाडगं आणून ठेवलंत. वर साईचा पिवळसर थर, कुठे भेग नाही की पाणी नाही. हातात चमचा दिलात आणि म्हणालात, "मोड."

"काय मोडू?"

"दही मोड. काल लावलेलं हाय, अजून कुनाचा चमचा लागलेला न्हाय. आजपास्नं या घरात दही मोडायचा मान तुजा."

आतून आक्का म्हणाली, "मी लगीन होऊन आले, मला न्हाय दिला तो मान कुनी."

"तुज्या हाताला घाई हाय," तुम्ही तिला म्हणालात, आणि माझ्या ताटात कडक भाकरी चुरून त्यावर शेंगांची चटणी घातलीत. मी दही मोडलं. पहिला चमचा निघाला तेव्हा कडा अगदी सरळ उभी राहिली. मी जेवले, दुसऱ्यांदा घेऊन जेवले. पुढे कितीतरी वर्षांनी आक्काने सांगितलं की तो मान वगैरे काही नव्हता, तुम्ही तो त्याच सकाळी तयार केला होता. दाजी, त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मेव्हणीने दाजींचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, चिडवायची आहे, आणि ती मी मनापासून पाळली.

दही लावताना तुम्ही कुणाला जवळ येऊ देत नव्हता, मला मात्र बघू द्यायचात. मंद्रूपकडून येणाऱ्या गवळ्याचं म्हशीचं दूध तापवून ठेवायचं आणि मग त्यात करंगळी बुडवायची. मी एकदा अंगठा बुडवायला गेले तर हात मागे ओढलात. "आंगठा कामानं राठ झालेला असतोय, त्याला कळत न्हाय. करंगळीला इचारायचं." करंगळीने होकार दिला की विरजण गाडग्याला आतून बोटाने सगळीकडे फासायचं, मग दूध उंचावरून धार धरून ओतायचं, फेस येईस्तोवर. थंडीत विरजण थोडं जास्त, उन्हाळ्यात अगदी नखभर. मग वर झाकण, झाकणावर चादर, आणि ते सगळं गाठोडं ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरायचं. "ज्वारी ऊब सोडत न्हाय," असं तुम्ही सांगायचात, जणू ती तुमच्या ओळखीची कुणी बाई आहे.

आणि चादर तरी कोणती? तुम्ही चादरीच्या कारखान्यात आयुष्य काढलंत. घरातली सगळ्यात जाड, मोराच्या नक्षीची चादर होती ती दह्याची. जानेवारीत माळशिरसहून पाहुणे आले की त्यांना पातळ चादरी मिळायच्या आणि ते बिचारे पाय पोटाशी घेऊन झोपायचे. आक्का म्हणायची, "माज्या अंगावर कदी चादर टाकली न्हाय या मानसानं. दह्यावर टाकत्यात." तुम्ही तोंडावर बोट ठेवायचात. "हळू. लागतंय." दार आपटायचं नाही, डब्याजवळून धावायचं नाही, शिंक आली तर अंगणात जायचं. मी बी.एड.चा अभ्यासही त्या डब्यापासून लांब बसून केलाय.

उन्हाळ्यात सगळं उलटं. सोलापूरचा एप्रिल म्हणजे सकाळचं दही दुपारी आंबट ढाण. मग गाडगं मोरीशेजारच्या ओल्या वाळूत, भोवती भिजवलेलं पोतं, आणि तुम्ही येता-जाता त्यावर पाण्याचा हात मारायचात. घरात फ्रिज होता. त्यात पाण्याच्या बाटल्या, कोथिंबीर आणि आक्काची भिजवलेली मेंदी असायची. दह्याला तिथे बंदी. दुपारची लाईट गेली की सगळी गल्ली घामाघूम होऊन बाहेर यायची आणि तुम्ही एकटे समाधानाने पोत्यावर पाणी शिंपडत बसायचात, आपल्याला काहीच फरक पडत नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

शमीमभाभींशी तुमची भांडणं आठवली की मला अजून हसू येतं. मधली भिंत कमरेएवढी, पलीकडे त्यांचं घर. त्यांच्याकडे खिचडीबरोबर दह्याची चटणी लागते आणि त्यांचं दही दोन-तीनदा लावलं की त्याला तार यायची. मग वाटी घेऊन भिंतीपाशी. तुम्ही विरजण द्यायचात आणि वर भाषण द्यायचात. "भाभी, तुमी दूध पार गार करून लावता, म्हनून तार येती. कोमट पायजे, कोमट." भाभी म्हणायच्या, "हौ, हौ, मालूम है मेरेकू," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गारच लावायच्या. एकदा त्या दिवेलागणीनंतर आल्या. दिवे लागल्यावर आपण विरजण देत नाही. पण विरजण मागायला आलेलं माणूस रिकामं पाठवायचं नाही, हाही तुमचाच कायदा. तुम्ही विरजण आणलंत, वाटी भिंतीवर ठेवलीत आणि पाठ फिरवून म्हणालात, "मी दिलं न्हाय. तुमी नेलं." भाभी वाटी उचलून हसत हसत गेल्या आणि ही गोष्ट त्यांनी गल्लीभर सांगितली.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते संपलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.

मी दही लावायचं विजेचं यंत्र घेतलं तेव्हा मुद्दाम ते घेऊन तुमच्याकडे आले होते. त्यात पिशवीतलं दूध आणि दुकानातल्या दह्याचं विरजण घातलं आणि बटण दाबलं. सकाळी झाकण काढलं तर दही तुमच्याइतकंच घट्ट. आक्काने डोळे मोठे केले. तुम्ही एक चमचा खाल्लात, दुसरा खाल्लात, तिसराही. मग मिशा पुसल्यात.

"चांगलं हाय की."

मी वाटच बघत होते. "मग?"

"पन कुनी लावलंय ते कळत न्हाय."

"दाजी, दह्यावर काय सही असते का?"

"असती. तुला वाचता येत न्हाय, मॅडम."

शाळेत मी शेकडो पोरांना वाचायला शिकवलंय आणि तुम्ही मला हे म्हणालात. मी इतकी चिडले की तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुम्हाला तसलंच यंत्र भेट दिलं. तुम्ही ते कौतुकाने घेतलंत, पुढे सहा महिने काही बोलला नाहीत, आणि एक दिवस मी बघितलं तर त्यात शेंगांची चटणी. "झाकन घट्ट बसतंय," एवढंच म्हणालात. शेवटचं आपण फोनवर बोललो तेव्हाही हाच विषय. तुम्ही विचारलंत, लाईट गेल्यावर तुजं यंत्र काय करतंय. मी सांगितलं, घरात इन्व्हर्टर आहे. तुम्ही म्हणालात, "मंग इन्व्हर्टरलाच विरजन लाव." मी म्हटलं, रविवारी येते आणि समोरासमोर बोलते. रविवार आला, तुम्ही नव्हता. मला याचा राग येतो, दाजी. रडू येतं त्याच्या आधी राग येतो. माझ्याकडे एक फार चांगलं उत्तर तयार होतं आणि ते आता कुणाला द्यावं हे कळत नाही.

तुम्ही पहाटे झोपेतच गेलात. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली, पाहुण्यांच्या भाकरीला पीठ कमी पडायला लागलं, म्हणून मी दळायला ज्वारी काढायला गेले. डब्यात हात घातला तर हाताला चादर लागली. मला क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि मी तिथेच खाली बसले. जायच्या आदल्या संध्याकाळी, जेवायच्या आधी, तुम्ही दही लावून ठेवलं होतं. चादर उलगडली, झाकण काढलं. तसंच होतं. साईचा थर, कुठे भेग नाही.

आक्काला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि झाकण परत ठेवलं.

"मोडायचं न्हाय," ती म्हणाली.

मला आधी वाटलं ती आजच्यापुरतं म्हणतेय. पण तिचं तसं नव्हतं. तुम्ही लावलेलं ते शेवटचं. त्याला चमचा लावायचा नाही, ताक करायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. डबा पुन्हा बंद. मी तिला समजावलं. म्हटलं, आक्का, ते ठेवून टिकणार नाही, ताज्या दुधात गेलं तरच राहील. मी शाळेत शिकवते तसं दह्यातल्या जिवाणूंचंही सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू तुज्या यंत्रात दुकानातलं लाव जा." आणि खरं तर लावणार तरी कुठे होतो? आपल्याकडे सुतकात विरजण लावत नाहीत. दुसऱ्या कुणाकडे देऊन ठेवावं तर सुतकाच्या घरातलं कुणी काही नेत नाही. गल्लीत बाकी सगळे आता पिशवीतलं दही आणतात. माझ्याकडे यंत्र, त्यात दुकानातलं विरजण. तुमच्या हातचं दही म्हणजे त्या डब्यात होतं तेवढंच, आणि ते रोज थोडं थोडं जात होतं. रोज मी झाकण उचलून बघायचे. थराच्या कडेने पाणी सुटायला लागलं. वास आंबट व्हायला लागला. आक्काला ते दिसत होतं. ती जेवत नव्हती धड. दह्याचं मला काही नव्हतं हो, मला तिची काळजी वाटत होती. ती त्या झाकणाखाली जाऊन बसली होती.

मग एका सकाळी शमीमभाभी भिंतीपाशी आल्या. हातात वाटी. आम्हा दोघींना वाटलं, काहीतरी द्यायला आल्यात, कारण त्या दिवसांत त्यांच्याकडून रोज काही ना काही येत होतं. पण वाटी रिकामी होती.

"अक्का, विरजन देव ना जरा."

आक्का थबकली. "भाभी, आमचं सुतक चाललंय."

"मेरेकू कायका सूतक? मेरेको तो नै." भाभी जागच्या हलल्या नाहीत. "मेरे दही को तार आ गई. फेक दी मैं. घरमें खिचडी कोई खा नै रहा. उनो रहते तो देते थे ना."

दाजी, मला तुमचा कायदा आठवला. विरजण मागायला आलेलं माणूस रिकामं पाठवायचं नाही. दिवे लागायलाही अजून सगळा दिवस होता. आक्काने त्यांच्या हातातून वाटी घेतली. मग आत गेली, ज्वारीचा डबा उघडला, चादर काढली. चमचा हातात धरून ती गाडग्यापुढे बसली. मी पुढे झाले, तर म्हणाली, "राहू दे. मी करते." आणि तिने दही मोडलं. वरचं आंबलेलं बाजूला सारून तळातलं, चांगलं, वाटीत घेतलं. एवढ्या वर्षांत तुमच्या न मोडलेल्या गाडग्याला तिचा हा पहिला चमचा. मग ती बाहेर आली, वाटी भिंतीवर ठेवली आणि पाठ फिरवली.

"मी दिलं न्हाय," ती म्हणाली.

भाभींनी वाटी उचलली आणि पलीकडून म्हणाल्या, "हौ, मैं ली." आणि आक्का रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने, भिंतीला टेकून, पोटातून रडली. मी तिला धरून ठेवलं. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

आता तुम्हाला आवडेल असं सांगते. शमीमभाभींनी ते दही रोज नव्या दुधाला लावत तेराव्यापर्यंत सांभाळलं, आणि तार येऊ न देता सांभाळलं. ज्या बाईने तुमचं आयुष्यात एक ऐकलं नाही, ती कुंभाराकडून नवं गाडगं घेऊन आली. ज्वारी त्यांच्याकडे फारशी नसते, म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मी एकदा गेले होते तेव्हा त्यांचा मुलगा मोटरसायकलची किल्ली शोधत जोरात बोलत आला, तर भाभी त्याच्यावर दबक्या आवाजात ओरडल्या, "चुप! दही लग रा!" मी तिथून बाहेर येऊन पोटभर हसले. तुम्ही एवढी वर्षं भाषणं दिलीत ती वाया गेली नाहीत, फक्त पोचायला वेळ लागला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी भाभी वाटी भरून घेऊन आल्या आणि आक्काच्या हातात दिली. यावेळी कुणी पाठ फिरवली नाही. मला वाटलं होतं, आक्का म्हणेल, नंदे, तू लाव. मी तर मनातल्या मनात तयारही झाले होते. पण तिने दूध तापवलं, खाली उतरवलं आणि मला म्हणाली, "तू तिकडं बस." म्हणजे डब्यापासून लांब, तिथेच. मग करंगळी बुडवली. थांबली. पुन्हा बुडवली. तुम्हाला वाटत होतं तिने कधी बघितलंच नाही. दाजी, तिने सगळं बघितलं होतं. विरजण बोटाने फासणं, उंचावरून धार, फेस, झाकण, चादर, सगळं तसंच. फक्त तुमच्यासारखं ती बडबडत नव्हती. हाताला घाई आहे म्हणून तुम्ही आयुष्यभर तिला लांब ठेवलंत. मी घड्याळ बघून सांगते, तुमच्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला.

सकाळी डबा उघडला. तिने चमचा माझ्यापुढे धरला, मान तुझा म्हणून. मी हात मागे घेतला. म्हटलं, आक्का, आज तू. तिने नाही म्हटलं नाही. चमचा घातला, कडा सरळ उभी राहिली. तिने तोंडात घातलं आणि चमचा खाली ठेवला. मी घाबरले. वाटलं, बिघडलं की काय, आता ही परत त्या झाकणाखाली जाणार. तिने अजून एक चमचा खाल्ला. मग दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. घरात आम्ही दोघीच होतो, तरी ती माझ्या कानाशी आली.

"नंदे, त्यांच्यापरीस बरं लागलंय गं," ती म्हणाली. तोंडावर हसू मावत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "कुनाला बोलू नगंस."

मी वाटीत घेऊन खाल्लं. कुणी लावलंय ते कळत होतं.

तिला शब्द दिला होता, म्हणून मी सासरी बोलले नाही. शमीमभाभींनी भिंतीवरून विचारलं तर त्यांनाही नुसतं बरं आहे म्हणाले. तुम्हाला सांगितल्याशिवाय मात्र राहवलं नाही, दाजी. मी तुम्हाला सांगितलंय, हे तेवढं तिला कळू देऊ नका.